एका पातेल्यातली भाजी

मार्चच्या पहिल्या आठवड्यात भेंडी लागली, तेव्हा दिनानाथ पोंक्षे यांची वाचा जाऊन सतरा दिवस झाले होते.

मालिनीच्या ते लक्षात आलं दुपारी. ड्युटीवरून ती तीनच्या सुमाराला घरी पोचली, चपला काढल्या, ओटीवरच्या कॉटवर नवरा एका कुशीला कलंडला होता त्याला सरळ केलं, चमचा-चमचा करून त्याला पाणी पाजलं आणि सकाळची भांडी घेऊन मागच्या दारी गेली. विहिरीच्या पलीकडे भेंडीचा वाफा होता. तिथे बोट-बोट लांबीच्या कोवळ्या भेंड्या टोकं वर करून उभ्या होत्या. पाच-सहा नव्हे, चांगल्या चाळीसेक.

"आत्ताच यायचं होतं का रे तुम्हाला," ती म्हणाली आणि राखेचा डबा पुढे ओढून भांडी घासायला बसली.

बागेशी तिचं कधी फारसं जमलंच नव्हतं. मालिनी ठाण्याच्या चाळीत वाढलेली. भाजी म्हणजे संध्याकाळी बाजारातून पिशवीतून येते ती, एवढीच तिची ओळख. दिनानाथ गुहागरकडचे. अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर सुपरवायझर होते, आणि कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहण्याऐवजी १९७९ साली त्यांनी बदलापूरला मांजर्लीत चार गुंठे जागा घेतली. नदी जवळ. पावसाळ्यात पाणी वर चढलं की अंगणात गाळ टाकून जाई, गोगलगायी पार स्वयंपाकघरात येत, आणि मालिनी दर वर्षी म्हणे, "कुळगावला घेतली असती जागा तर काय बिघडलं असतं?" दिनानाथ तो गाळ मुठीत घेऊन तिला दाखवत. "हे बघ. लोणी आहे लोणी. विकत मिळणार नाही."

खोटं नव्हतं ते. संक्रांत झाली की ते वाफे आखत. भेंडी, गवार, तांबडा माठ, मांडवावर दुधी, कुंपणाला शेवगा. पहाटे उठून पाणी घालत, कारखान्यात जाऊन येत, संध्याकाळी पुन्हा वाफ्यात. उन्हाळा सुरू झाला की रविवारचा स्वयंपाक ते करत, कारण मालिनीच्या हातची भाजी त्यांना पटत नसे. त्यांचे नियम होते. भेंडी ताकातली. गवारीला ओवा आणि गूळ, वर ओलं खोबरं. शेवगा आमटीत. दुधीला हरभऱ्याची डाळ, बाकी काही नाही. एका भाजीत दुसरी भाजी घालायची नाही. कोणी कांदाबटाट्यात चार भेंड्या टाकल्या तर ते ताटातून बाजूला काढून ठेवत. "प्रत्येकीची एक चव असते," ते म्हणत, "गर्दीत ती ऐकू येत नाही." मालिनी जेवून घेई. आयतं जेवायला मिळत होतं, तेवढं तिला पुरे होतं.

१९८७ च्या फेब्रुवारीत एका सकाळी, मालिनी ड्युटीला गेल्यावर, ते गवारीच्या वाफ्यात पडले. शेजारची विठा पाणी न्यायला विहिरीवर आली होती, तिने पाहिलं. आधी तिला वाटलं, भाऊ खुरपायला वाकलेत. मग हाक मारली तर उत्तर नाही. तिने आरडाओरडा करून माणसं जमवली, कुणाचा तरी टेम्पो मिळाला, कल्याणला नेलं. जीव वाचला. उजवी बाजू लुळी पडली, आणि बोलणं गेलं.

सगळं नव्हे. एक शब्द राहिला होता. "बरं."

तहान लागली की बरं. लघवीला जायचं की बरं. दुखलं, कंटाळा आला, पंखा बंद पडला, सगळ्याला बरं. सुरुवातीला मालिनीला वाटे की आपल्याला समजून घेतायत, हो म्हणतायत. मग कळलं की तो नुसता आवाज आहे. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना बरंचसं, शब्द सापडत नाहीत. येतील हळूहळू. किती हळूहळू ते काही त्यांनी सांगितलं नाही.

लेक कुमुदिनी सोलापूरहून आठ दिवस येऊन राहिली. तिला सातवा महिना होता. हॉस्पिटलच्या बाकावर पाय सुजवून बसलेली तिला बघून मालिनीच म्हणाली, "जा तू. इथे तुझीच काळजी करत बसेन मी."

रजा संपल्या. मालिनी उल्हासनगरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होती, परगावचे फोन जोडून द्यायची. सकाळी सात ते दोन कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि दिवसभर लोकांची घाई. "हलो बेहेन, इंदौर लगाओ ना, अर्जंट है, शादी का मामला है." ती सगळ्यांशी गोड बोलत असे. घरी आल्यावर तिच्या घशात काही उरत नसे, आणि बोलायला समोर होता एक शब्द.

सकाळी साडेपाचला ती दिनानाथांना पुसून, चहा पाजून, कपडे बदलून तयार करी. सहाला विठा येऊन बसे. विठा मांजर्लीचीच, शेतकऱ्याघरची, नवरा वारलेला, मुलगे कामाला जाणारे. तिने पैशांचं काही बोलू दिलं नाही. "भाऊंनी दर साली मला बी दिलंय वैनी. मी काय परकी हाय?" ती अडीच-तीनपर्यंत थांबे. मालिनी आली की विठा जाई, आणि मग मालिनीचा दुसरा दिवस सुरू होई.

बागेला कोण थांबवणार? भेंडी एक दिवस काढायची राहिली की दुसऱ्या दिवशी जून, चिरताना सुरी अडकते अशी. म्हणजे रोज काढायला हवी. तिच्या देठाच्या कुसांनी बोटं चुरचुरत. गवारीचं आणखीच वाईट. शेंगा झाडाच्या खोडाला चिकटून, पानांच्या आड. वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला होई आणि शेरभर शेंगा निघत, त्या मग एक एक मोडून निवडायच्या. दुधी मांडवावरून एकाच वेळी पाच लोंबायला लागले. शेवगा वाऱ्याने मोडून पडे. माठ तर दोन दिवसांत गुडघ्याला आला. शेजारच्यांना वाटली, एक्स्चेंजमध्ये नेली, तरी टोपलीत भाजी शिल्लक. आणि पाणी! विहिरीवर मोटर होती, पण आधी तिच्यात पाणी भरून मगच ती सुरू करायची असते हे मालिनीला ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मोटर कोरडी चालून जळाली. मग रहाटाने पाणी काढायचं. रोज तीस-पस्तीस बादल्या.

आणि हे सगळं शिजवायचं. भेंडी ताकातली, गवार ओव्यातली, दुधी डाळीतला. सवयीने तिच्या हातून ते वेगवेगळंच होई. तीन पातेली, तीन फोडण्या. दिनानाथांना पोळी गिळता येत नव्हती. सुकी भाजी घशात अडकून ठसका लागे, चेहरा लाल होई, आणि ती पाठीवर थापटत राही. अर्धं ताट तसंच परत जाई. ते ती खाई. उभ्याने, ओट्याशी, गार झालेलं.

एक्स्चेंजमध्ये तिच्या शेजारच्या बोर्डवर ईश्वरी लालवानी बसे. उल्हासनगरच्याच कॅम्प एकमध्ये घर, वयाने मालिनीपेक्षा दोन वर्षांनी मोठी, आवाज खणखणीत. तिचं मराठी तिचं स्वतःचं होतं.

"ही गवार तुझ्या घरची?" तिने पिशवीत हात घालून विचारलं. "इतनी कोवळी? आमच्या मार्केटमध्ये तर दोरी विकतात, दोरी."

"घेऊन जा सगळी. उपकार होतील."

"उपकार कसले? मी आमची सिंधी कढी करेन." ईश्वरीने शेवग्याच्या शेंगाही उचलल्या, भेंडीही उचलली. "तू काय करते ह्याचं?"

मालिनीने सांगितलं. ताकातली, ओव्यातली, डाळीतली.

ईश्वरीने हेडफोन गळ्यात सरकवला. "रोज तीन-तीन भाजी? नवरा बिमार, ड्युटी, वरून तीन भाजी? तू पागल आहे काय मालिनी?"

बोर्डवर दिवा लागला होता, मालिनीने प्लग लावला. "हलो, ट्रंक."

एप्रिल सुरू झाला. उन्हाने डोकं दुखायला लागलं. एका संध्याकाळी विसावी बादली ओढताना दोर तिच्या तळहातातून सुटला आणि कातडं सोलून गेला. ती विहिरीच्या कठड्यावर बसली. हात जळत होता. समोर बाग उभी होती, हिरवी, तजेलदार, घरातल्या कुणापेक्षाही निरोगी.

तिने बादली उपडी केली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने पाणी घातलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ठरवून असं नाही. पण वाळेल तर वाळू दे, असं तिच्या मनात होतं, आणि ते मनात आल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की त्या दुपारी ती दीड तास झोपली. दीड महिन्यात पहिल्यांदा.

ओटीच्या बाजूच्या खिडकीतून मागचं परस दिसे. दिनानाथांची कॉट तिने खिडकीशी लावली होती, त्यांना बरं वाटावं म्हणून. माठाने आधी माना टाकल्या. मग दुधीची पानं दुपारी कागदासारखी लटकायला लागली. दिनानाथ बघत होते. जेवताना तोंड फिरवायला लागले. भाताचा घास पुढे केला की ओठ घट्ट. "बरं," ते म्हणत, खिडकीकडे बघत. "बरं. बरं."

"हो, कळलं," मालिनी म्हणे. "खा आता."

पाचव्या दिवशी ती घरी आली तेव्हा विठा दारातच उभी होती, पदराने तोंड पुसत.

"वैनी, मी जराशी घरी गेलते. चूल बघून लगेच आले, तवर भाऊ खाली उतरलं."

"खाली म्हणजे?"

"मागं. चला तुमी."

विहिरीपाशी कपडे धुवायचा दगड होता. त्याच्यावर दिनानाथ बसले होते. खुर्ची ढकलत ढकलत मागच्या दारापर्यंत आले असावेत, कारण खुर्ची उंबऱ्यात आडवी पडली होती. तिथून पुढे बसून सरकत गेले होते, कारण लेंगा मातीने भरला होता आणि कोपर सोलवटलं होतं. शेजारी विठाने सकाळी भरलेली बादली अर्धी उरली होती. डाव्या हातात तांब्या. ते दुधीच्या मुळाशी पाणी ओतत होते. निम्मं पाणी पायावर सांडत होतं.

"मी उचलाया गेले तर मला उचलू देईनात," विठा म्हणाली.

मालिनीची पर्स खांद्यावर तशीच होती. तिला वाटलं आपल्याला रडू येईल. पण आला तो राग.

"मला नको आहे ही बाग!" ती ओरडली. "ऐकताय? कधीच नको होती. तुमची हौस होती, तुम्ही केलीत. मी पहाटे उठते, तुमचं करते, सात तास बोलते, परत येऊन तुमचं करते. माझे हात बघा. बघा! अजून पडला असतात, डोकं फुटलं असतं, म्हणजे मग मी काय करायचं होतं? भेंडी चिरत बसायचं होतं?"

दिनानाथांनी तिच्या हाताकडे पाहिलं. सालपट निघालेल्या तळव्याला तिने रुमाल बांधला होता. बराच वेळ पाहिलं. मग तांब्या दगडावर ठेवला, नीट, सांडणार नाही असा.

"बरं," ते म्हणाले.

"बरं काय, बरं?"

पण तिला कळलं होतं. या वेळी तो नुसता आवाज नव्हता. त्यांनी खरंच बरं म्हटलं होतं. वाळू दे, असं. त्यांचा ओठ एका बाजूने वाकडा झाला, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते पुसायला त्यांनी उजवा हात उचलू पाहिला, तो उचलला गेला नाही.

मालिनी चिखलातच खाली बसली. विठाने दोघांकडे पाहिलं आणि बादली उचलून रहाटाकडे गेली. तिने पाणी काढलं, दुधीला घातलं, मग भेंडीला, मग गवारीला. रहाट कुरकुरत राहिला. आठ-दहा बादल्या झाल्यावर ती पदर खोचत म्हणाली, "वैनी, कवापासून म्हनीन म्हनीन म्हनते. तुमी काय म्हनाल म्हनून बोलले नाय. पाणी मी घालते. भाजी मी काढते. निम्मी तुमी ठेवा, निम्मी मी बाजारात नेते. माझी सून बसंल इकायला. चालंल?"

मालिनीने नवऱ्याकडे पाहिलं. दिनानाथ विठाकडे बघत होते.

"एवढे दिवस का नाही बोललीस ग?" मालिनी म्हणाली.

"तुमची बाग," विठा म्हणाली. "मी कशी मागू?"

दोघींनी मिळून दिनानाथांना उठवलं. जड होते ते. ओटीपर्यंत पोचेपर्यंत तिघांनाही धाप लागली.

त्याच आठवड्यात ईश्वरी डबा घेऊन आली. स्टीलचा, दोन कप्प्यांचा, फडक्यात बांधलेला. जेवणाच्या सुट्टीत तिने तो मालिनीपुढे उघडला. एका कप्प्यात भात, दुसऱ्यात दाट पिवळसर-तांबूस रस्सा, आणि त्यात गवार, भेंडी, शेवगा, बटाटा, सगळं एकत्र.

"तुझीच भाजी आहे. खा."

मालिनीने भातावर ओतून घेतलं. बेसन खरपूस भाजलेलं, चिंचेचा आंबटपणा, हिरव्या मिरचीचा ठसका. गवार मऊ झाली होती पण विरघळली नव्हती. शेंगेतला गर दातांनी ओढता ओढता तिच्या लक्षात आलं की दोन महिन्यांत दुसऱ्या कोणी रांधलेलं, गरम, बसून खाल्लेलं हे पहिलंच जेवण. तिने पूर्ण डबा संपवला. ईश्वरी स्वतःची पोळी भाजी खात दुसरीकडे बघत राहिली, आणि तेवढ्यासाठी मालिनीला ती कायमची आवडून गेली.

"कशी करायची?" मालिनीने शेवटी विचारलं.

"बेसन तेलात भाजायचं. घाई नाही करायची, हं? लाल होईपर्यंत, वास येईपर्यंत. जिरं, मेथी, हिंग, कढीपत्ता. मग पाणी, खूप पाणी. उकळलं की गवार, शेंगा, आलू. भेंडी वेगळी तळायची, लास्टला टाकायची. मग इमली. एक पातेला. खेळ खलास."

"आमच्याकडे भाज्या मिसळत नाहीत."

"आता मिसळतात," ईश्वरी म्हणाली.

रविवारी सकाळी विठाने भाजी काढून टोपलीत ठेवली. भेंडी, गवार, चार शेंगा. मालिनीने दिनानाथांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणून लावली, मांडीवर ताट दिलं आणि गवार ओतली. "मोडा. एका हाताने जेवढं होईल तेवढं."

त्यांनी पहिली शेंग अंगठा आणि बोटात धरली, देठ खुडला, दोरा ओढला. दुसरी निसटून खाली पडली. तिसरी दातात धरून मोडली. मालिनीने मान फिरवली. ती बेसन भाजत होती. भाजता भाजता तिचा हात दुखायला लागला. ईश्वरीने घाई करू नको म्हटलं होतं म्हणून ती हात बदलून भाजत राहिली. रंग पालटला, वास घरभर गेला. पाणी ओतलं तशी सगळं पातेलं फसफसलं. मग गवार आणि शेंगा. दुसऱ्या शेगडीवर भेंडी तळून झाली, ती तिने झाऱ्याने उचलली आणि त्याच पातेल्यात सोडायला गेली.

"बरं!" दारातून आवाज आला. मोठा, ठणकावून. खुर्चीत दिनानाथ पुढे वाकले होते, डावा हात वर.

मालिनी थांबली. भेंडीतून तेल ठिबकत होतं.

"एकत्रच घालणार आहे मी," ती म्हणाली. "मला एवढंच जमतं. हेच जमेल."

आणि भेंडी सोडली.

जेवताना त्यांनी चमच्याने भेंडीचे तुकडे शोधून ताटाच्या कडेला रांगेने लावले. सात तुकडे. मालिनीने पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. मग त्यांनी रस्सा भातात कालवलेला खाल्ला. एक चमचा, दोन, पाच. ठसका लागला नाही. रस्सा घशातून सरळ उतरत होता. भात संपला. त्यांनी वाटी पुढे केली, तिने भरली. ती संपली तेव्हा त्यांनी कडेची एक भेंडी उचलून तोंडात टाकली, चावली, कपाळाला आठी घातली.

"आंबट," ते म्हणाले.

मालिनीचा चमचा हातातच राहिला.

"काय म्हणालात?"

त्यांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. चेहरा ताणला, मानेच्या शिरा फुगल्या. "बरं," ते म्हणाले. मग मूठ आपटली मांडीवर. "बरं, बरं."

"आंबट म्हणालात. आंबट. झालीच आहे आंबट, चिंच जास्त पडली. म्हणा. आं-बट."

ते म्हणू शकले नाहीत. त्या दिवशी नाही, त्या महिन्यातही नाही. मालिनीने दुसऱ्या दिवशी ड्युटीवर ईश्वरीला सांगितलं तेव्हा ईश्वरी टाळी वाजवून ओरडली, सुपरवायझरने वळून पाहिलं. मालिनीला तितका आनंद झाला नव्हता. एक शब्द आला होता आणि गेला होता. पण ते पोटभर जेवले होते, ताट परत गेलं नव्हतं, आणि तिला घासायला तीनऐवजी एकच पातेलं होतं. संध्याकाळी ती ओटीच्या पायरीवर पाय पसरून बसली आणि काहीही केलं नाही.

त्या उन्हाळ्यात आठवड्यातून चार दिवस तीच कढी झाली. चिंच कमी केली. कधी दुधीच्या फोडी पडल्या, कधी वांगं. दिनानाथ भेंडी बाजूला काढत, आणि शेवटी खात. मे महिन्यात गवार संपली, झाडं वाळली, विठाने ती उपटून कुंपणाशी टाकली.

शब्द आले, पण डॉक्टरांच्या बोलण्यावरून वाटलं होतं तितके कधीच नाही. दोन वर्षांत वीस-पंचवीस झाले असतील. दार. नको. पाणी. विठा. कुमुदिनीच्या मुलीचं नाव ते सरळ घ्यायचे. मालिनीचं नाव काही त्यांना सापडलं नाही. तिलाही ते विठाच म्हणत. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा ती न्हाणीघरात जाऊन रडली. विठा खजील होऊन म्हणाली, "भाऊ चुकतात वैनी, तुमी मनावर घेऊ नका." नंतर नंतर त्यांनी "विठा" अशी हाक मारली की दोघी एकदमच ओ देत, आणि जी जवळ असेल ती जाई. मालिनीला त्याची सवय झाली. सवय झाली म्हणजे दुखायचं थांबलं असं नाही, पण रोज दुखायला वेळ नव्हता.

काठी टेकत ते विहिरीपर्यंत जायला लागले. दगडावर बसून विठाला डाव्या हाताने दाखवत, इथे टाक, तिथे खुरप. विठा निम्मं ऐके. मालिनीने मुदतीआधी निवृत्ती घ्यायचा विचार दोनदा केला, दोनदा सोडला. घरात बसून राहणं तिला ड्युटीपेक्षा जड वाटलं. एक्स्चेंजमध्ये नवी यंत्रं आली, लोक थेट नंबर फिरवायला लागले, ट्रंक बोर्ड ओस पडले. तिला आणि ईश्वरीला चौकशीच्या टेबलावर बसवलं. ईश्वरी दर उन्हाळ्यात एकदा नवऱ्याला घेऊन बदलापूरला येई, परसात फिरे, पिशवी भरून भाजी नेई, आणि मालिनीची कढी चाखून दर वर्षी म्हणे, "बेसन कच्चं राहिलं."

१९९३ च्या भाद्रपदात दिनानाथ गेले. दुसरा झटका आला, दोन दिवस बेशुद्ध होते, मग संपलं. कुमुदिनी आली, दिवस झाले, ती गेली. मालिनी चौदाव्या दिवशी कामावर हजर झाली. लोक म्हणाले, धीराची बाई. ती धीराची नव्हती, थकलेली होती, आणि घरात कॉट रिकामी होती.

संक्रांत झाल्यावर विठा बियांची पुरचुंडी घेऊन आली. ओटीवर बसली, चहा घेतला. भाऊंचा विषय दोघींनीही काढला नाही.

"औंदा काय टाकू वैनी? भेंडी, गवार हायेच."

मालिनीने बियांची पुरचुंडी उलगडली. पंधरा वर्षं या परसातलं खाल्लं होतं, सात वर्षं शिजवलं होतं, वाटलं होतं, शिव्या घातल्या होत्या. तिला कोणी असं विचारलं नव्हतं आणि तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं.

"काकडी टाक," ती म्हणाली. "यांना काकडीने सर्दी व्हायची, म्हणून कधी लावलीच नाही. मला आवडते."

"किती टाकू?"

"दोन आळी. जास्त नको. कोण पाणी ओढणार?"

मार्चअखेर पहिल्या दोन काकड्या आल्या. हिरव्या, काटेरी, सकाळच्या दवाने गार. मालिनीने विळी काढली नाही, ताट घेतलं नाही. विहिरीवर एक धुतली, टोक मोडून घासलं, मीठ लावलं आणि तिथेच उभ्याने खाल्ली. दुसरी विठाला दिली. विठा म्हणाली, "कडू न्हाय ना?"

"नाही," मालिनी म्हणाली. "चांगली आहे."

मग ती पदराला हात पुसत आत गेली. कामावर जायला अजून अर्धा तास होता.